बारा गार्ड

घोड्याच्या पाठीवर अंगठा उठलेला होता! अख्खा अंगठा, रेघ न् रेघ मोजता येईल असा. मी त्याच्यावर दोन हात तपकिरी रंग मारला, तरी आतून वर येतच राहिला. म्हणून मग गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सकाळी, भुरभुर पावसात, तो घोडा डब्यात घालून मी वाडीतल्या नयनाबेनच्या कारखान्याचा जिना तरातरा चढले. भांडायला!

थांबा, कौमुदीला माहीत नसेल. अगं, नयनाबेनकडे धातूचे छोटे छोटे पुतळे ओततात. शिपाई, घोडेस्वार, तुताऱ्या वाजवणारे. शौकीन लोक घेतात आणि काचेच्या कपाटात मांडतात. मी ते घरी आणून रंगवते. पण साच्यातून निघालेला पुतळा तसाच नाही ना रंगवता येत. त्याच्या अंगावर साच्याची रेघ असते, ती कानसून काढायची. हवेच्या बुडबुड्यांचे खड्डे असतात, ते पुट्टीने भरायचे, वाळू द्यायचे, घासायचे, वर प्रायमर मारायचा. मग मी. तर हे माझ्याआधीचं सगळं करणारा कोणी नवीन मुलगा आलाय एवढंच मला माहीत होतं. तो करजणहून इथे बडोद्याला अप-डाउन करायचा, पाचला निघायचा. मी साडेपाचला ट्रे घ्यायला जायचे. महिनाभर आम्ही एकमेकांना बघितलंच नव्हतं.

"हे तुमचं काम?" मी डबा त्याच्यापुढे आपटला.

खिडकीशी बसला होता. बाहीवर पांढरी धूळ, भुवईवरही थोडी. त्याने घोडा उचलला, उजेडाला तिरका धरला, नखाने हळूच चाचपला. मग म्हणाला, "अंगठा दाखवा."

"काय?"

"उजवा. दाखवा ने!"

मी दाखवला. का दाखवला कुणास ठाऊक. त्याने स्वतःचा अंगठा शेजारी आणला. केवढा तो... चमच्याएवढा! घोड्याची शेपटी झाकली असती त्याने. आणि पाठीवरचा ठसा एवढुस्सा.

"प्रायमर ओला होता," तो म्हणाला. "ट्रेवर मी चिठ्ठी ठेवलेली, उद्यापर्यंत हात लावू नका. कोणीतरी लावलाय." मग पुन्हा माझ्या अंगठ्याकडे बघून, "नाजूक आहे कोणीतरी."

मेलेच मी. चिठ्ठी मी बघितली होती गं! पण घोडा इतका गोड होता की उचलल्याशिवाय राहवलं नाही.

"सॉरी म्हणू?"

"नको. महिनाभर मी ज्यांच्यासाठी घासतोय त्या दिसल्या, तेवढं पुरे. मी इंद्रनील."

"अबोली."

"वाटत तर नाही," तो म्हणाला, आणि इतका निरागस चेहरा करून घासायला लागला की मला हसावं का भांडावं तेच कळेना.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळीच जायला लागले. आईला सांगितलं, घरी उजेड कमी पडतो. खोटं नव्हतं अगदी... आभाळ असं धरलेलं की दुपारीसुद्धा दिवा लावायला लागायचा. त्या कळकट खोलीत, त्या पिवळ्या दिव्याखाली, आम्ही दोघं एका टेबलाच्या दोन टोकांना. तो घासायचा, मी रंगवायची. तो म्हणायचा, डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही, नखाला जे कळतं ते डोळ्याला कळत नाही. मला शिकवायचा. डोळे मिटायला लावायचा, हातात शिपाई द्यायचा, म्हणायचा सांग, खड्डा कुठेय? मी मुद्दाम चुकायची. मग तो माझं बोट धरून तिथे न्यायचा. फक्त बोट हं! भक्ती, हसू नको.

आणि मग पितृपक्ष लागला, आणि संजीवदादा आले.

संजीवदादा पुण्याला असतात. इथे प्रतापनगरला त्यांची आई एकटीच राहते, वसुंधराकाकू. वडील, जनार्दनकाका, रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांना घरी पुतळे ओतायचा नाद होता. पुतळे म्हणजे एकच पुतळा! रेल्वेचा गार्ड, एका हातात झेंडी, एका हातात कंदील. एकच साचा, आणि त्यातून काढलेले बारा गार्ड, मधल्या बोटाएवढे. कधी रंगवलेच नव्हते. बुटाच्या खोक्यात, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेले.

"आईला सरप्राइज द्यायचंय," संजीवदादा म्हणाले. "बाबांची तिथी दशमीला आहे. त्या दिवशी काचेच्या पेटीत मांडून देईन. खड्डेबिड्डे सगळे भरून टाका. नव्यासारखे करा एकदम!"

दहा दिवस होते. इंद्रनीलने धरायला सोपे जावेत म्हणून बाराही बाटलीच्या बुचांवर चिकटवले, नंबर घातले, आणि कामाला लागला. तिसऱ्या दिवशी बघते तर हातातली कानस तशीच, आणि हा एका गार्डाकडे टक लावून.

"काय झालं?"

"हे बघ." तोपर्यंत आम्ही तू-तू वर आलो होतो. "बुडबुड्याचा खड्डा कसा असतो? वेडावाकडा, कडा फाटलेली. तसले आहेतच, चेहऱ्यावर, झेंडीवर. पण हा बघ... गोल. कडा साफ. कोणीतरी पंच ठेवून हातोडी मारलीय. आणि प्रत्येकाला एकच आहे. ह्याच्या टोपीवर, ह्याच्या खांद्यावर, ह्याच्या पाठीत, ह्याच्या गुडघ्यावर. बारा जणांना बारा जागी."

"मग?"

"मग हा दोष नाहीये, अबोली. मुद्दाम केलेलं आहे. भरायच्या आधी विचारायला पाहिजे. संजीवभाईंचा नंबर तुझ्याकडे आहे ने? विचारशील?"

"विचारते की!"

आणि नाही विचारलं.

आता तुम्ही म्हणाल का. मी स्वतःला शंभरदा विचारलंय. संध्याकाळी मेसेज लिहिला होता. मग वाटलं, ते म्हणालेच आहेत सगळे भरा, आता हे काय विचारायचं, हसतील. मग वाटलं, ते म्हणाले थांबा, तर? दिवस जातील. आणि खरं सांगू? मी त्या गार्डांचा निळा कोट मनात रंगवून ठेवला होता. गडद, गुळगुळीत, बटणांना सोनेरी ठिपका. फोटो काढून सगळीकडे टाकणार होते. त्या कोटाच्या मध्यभागी मला तो खड्डा नको होता. एवढंच. मेसेज पुसून टाकला आणि जेवायला बसले.

सकाळी तो माझ्यासाठी खालून चहा घेऊन आला. "विचारलंस?"

"हो. भरा म्हणाले."

इतकं सहज आलं तोंडातून! आणि त्याने लगेच मानलं. पुन्हा नाही विचारलं, काही नाही. पुट्टी मळायला घेतली. पाण्यात बोट बुडवून एकेक खड्डा असा भरला, असा घासला, की दुसऱ्या दिवशी डोळे मिटून नख फिरवलं तरी मला एकही सापडला नाही. "शोध ना," तो म्हणत होता. "शोधून दाखव." मी शोधत होते, आणि तो माझ्याकडे बघत होता. मिटलेल्या डोळ्यांनासुद्धा कळतं ते...

सप्तमीला खूप पाऊस होता. गल्लीत पाणी. नयनाबेन आल्याच नाहीत. मी सातवा गार्ड रंगवत होते, तो काम संपवून नुसताच बसला होता.

"तुझी गाडी चुकेल," मी म्हटलं.

"चुकू दे. अबोली... मला तुला एक विचारायचंय."

माझा ब्रश हातातच.

"पण आत्ता नाही. श्राद्धाचे दिवस आहेत. माझी आई या दिवसांत नवीन झाडूसुद्धा घेत नाही. घट बसले की विचारतो."

"झाडूबद्दल आहे का काही?"

"हो. कोण मारणार ते ठरवायचंय." आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला!

मी त्या सातव्या गार्डाला एक मिशी जास्त वर वळवली. पुसलीही नाही.

त्या दिवसांत मी घरी कॅलेंडर बघायची. अष्टमी, नवमी, दशमी... लोक आपापले पितर आठवत होते आणि मी दिवस मोजत होते. लाज वाटते आता.

दशमीला आम्ही दोघं पेटी घेऊन प्रतापनगरला गेलो. संजीवदादांनीच बोलावलं होतं, ज्यांनी केलं त्यांच्या हातून आईला द्यायचं म्हणून. घरात खिरीचा वास, गुरुजी आतल्या खोलीत. काकू बाहेरच्या खोलीत दिवाणावर बसल्या होत्या, भिंतीकडे तोंड करून. मी नमस्कार केला तर त्यांनी मान जरा चुकीच्या बाजूला वळवली... तेव्हा मला कळलं. काकूंना दिसत नाही. काचबिंदूने चार वर्षांपूर्वी दोन्ही डोळे गेलेत. संजीवदादांनी हे आम्हाला सांगितलंच नव्हतं. मी इंद्रनीलकडे बघितलं. तो पांढरा पडला होता.

"आई, हात पुढे कर," संजीवदादा किती खुशीत होते! "ओळख काय आहे."

काकूंनी गार्ड हातात घेतला. अंगठा टोपीवरून फिरला, खांद्यावरून, पाठीवरून, खाली गुडघ्यापर्यंत. पुन्हा वर. मग दुसरा मागितला. मग तिसरा. खोलीत नुसता अंगठ्याचा आवाज, रंगावरून सरकणारा.

"हे कुठले?" त्यांनी विचारलं.

"आपलेच गं! बाबांचे. रंगवून घेतले, खड्डे भरून..."

"नाही. आपले असे नाहीत."

"आई, आपलेच आहेत."

"मग खोक्यातले कुठेयत? माझे? दहा दिवस झाले, नीट ठेवलंय एवढंच म्हणतोयस."

आणि मग त्या सांगायला लागल्या, संजीवदादांना, हळू, लहान मुलाला सांगावं तसं. काका दर वर्षी खंडेनवमीला, हत्यारांची पूजा झाली की, एक गार्ड ओतायचे आणि त्यावर पंचाने एक खूण मारायचे. टोपीवर खूण ते पहिलं वर्ष. खांद्यावर खूण ते संजीव झाला ते वर्ष, खांद्यावर घेऊन फिरायचे म्हणून. पाठीत खूण म्हणजे काकांची पाठ धरली होती, तीन महिने घरी होते ते. टाचेवर म्हणजे बदली टळली ते. बारा वर्षं. मग साचा फुटला. काका गेल्यापासून काकू रोज दुपारी खोकं उघडून बसायच्या आणि एकेकाला चाचपून ओळखायच्या. "आता कोण कुठला?" त्या म्हणाल्या. "सगळे सारखे केलेत."

संजीवदादा आमच्याकडे वळले. आवाज चढला नाही, तेच वाईट. "तुम्हाला कळलं नाही, या खुणा आहेत ते? मला एक फोन केला असता तर मी आईला विचारलं असतं. कोणी विचारलंच नाही मला."

इंद्रनीलने माझ्याकडे बघितलं. पापणी लवते तेवढंच. मी बोलणार होते. खरंच... तोंड उघडलं होतं मी.

"माझी चूक," तो म्हणाला. "मला शंका आली होती. मीच विचारायला विसरलो."

आणि मी तोंड मिटलं.

जिन्यात मी म्हटलं, "इंद्रनील, ऐक ना..." तो चपला घालत होता. "गाडी पकडायचीय," म्हणाला. छत्रीसुद्धा न उघडता गेला.

संजीवदादांनी नयनाबेनना फोन केला. दुसऱ्या दिवशी मी गेले तर खिडकीशी कोणी नव्हतं. नयनाबेन हिशेबनीस काकांना सांगत होत्या, "में ना पाडी दीधी एने." नाही म्हणून सांगितलं त्याला. मी तिथेही गप्प बसले. माझ्या टेबलावर गार्डांची पेटी होती, संजीवदादांनी परत पाठवलेली. काही करता येत असेल तर करा, असं सांगून.

इंद्रनील फोन उचलत नव्हता. सर्वपित्री अमावास्येपर्यंत चार दिवस मी काय केलं सांगू? ते बारा कोट, माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम गं, थिनरमध्ये बुडवले. निळा रंग विरघळून वाटीत उतरला. खाली उघडा धातू काळपट, आणि त्यात पुट्टीचे फिके ठिपके. तेव्हा दिसलं त्याने किती सांभाळून भरलं होतं. सुईने कण कण उकरलं. अकरा जमले. बाराव्याला सुई सटकली, कड तुटली.

मग प्रतापनगरला गेले. काकूंच्या हातात खोकं दिलं आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. की विसरला नव्हता तो. मला विचारायला सांगितलं होतं. मी विचारलं म्हणून खोटं सांगितलं.

काकू एकेक गार्ड चाचपत होत्या. अकरा वर्षं त्यांनी नाव घेऊन ओळखली. बारावा हातात आला तेव्हा थांबल्या. "हे त्यांनी मारलेलं नाही. हे तू उकरलंयस."

"हो."

"खांद्यावर आहे म्हणजे संजीवचं वर्ष." त्यांनी तो बाजूला, उशीपाशी ठेवला. माझ्याकडे नाही, खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "मला सांगून काय होणार गं? मी काय त्या मुलाला कामावरून काढलं नव्हतं."

तिथून सरळ वाडीत. नयनाबेनना सांगितलं. त्या म्हणाल्या, त्याला बोलावते परत. तिथेच फोन लावला. त्यांचा उचलला त्याने! दोन मिनिटं बोलून फोन ठेवला. "ना पाडे छे," म्हणाल्या. नाही म्हणतोय. करजणलाच एका कारखान्यात लागलाय.

म्हणून घटस्थापनेला, तुम्ही सगळ्या चनिया-चोळी आणायला गेला होतात ना, तेव्हा मी बसने करजणला गेले. मेसेज केला होता, डेपोवर उभी आहे, येईपर्यंत उभी राहीन. अडीच तासांनी आला. कंपनीचा राखाडी शर्ट. भुवईवर धूळ नव्हती.

मी सगळं सांगितलं. काकूंचं, नयनाबेनचं, सुईचं. तो ऐकत होता, मान खाली घालून.

"बाराव्याला सुई नको होती," म्हणाला. "गरम पाण्यात ठेवायचा. पुट्टी मऊ पडते."

"तू फोन उचलला असतास तर विचारलं असतं."

हे बोलले आणि जीभ चावली. तो हसला नाही.

"इंद्रनील, मी खोटं बोलले त्याचा राग आहे ना?"

"नाही."

"गप्प बसले त्याचा?"

"नाही गं. घाबरलीस, माणूस घाबरतं. मी माझ्या मनाने बोललो, तू थोडंच सांगितलंस." मग तो समोरच्या बसकडे वळला. "पण मी 'माझी चूक' म्हणालो ना, तेव्हा मी तुझ्याकडेच बघत होतो. तुला हायसं वाटलं, अबोली. खांदे खाली आले तुझे. ते बघितलं मी. आता डोळे मिटले की तेच दिसतं."

खरं होतं.

आजूबाजूला नुसती गर्दी. हार, नारळ, पिशवीतून डोकावणारी गरब्याची रंगीत मडकी, लहान मुलींच्या पायांत घुंगरू. सगळ्यांचं नवीन काहीतरी सुरू होत होतं.

"तू विचारणार होतास ते..." मी म्हटलं. "आज घट बसलेत."

"माहितीय."

"मग मी विचारू?"

त्याने पहिल्यांदा नीट बघितलं माझ्याकडे. तेच डोळे, नखाने चाचपावं तसे बघणारे. "नको," म्हणाला. "आत्ता विचारलंस तर मी हो म्हणेन. आणि मग रोज तुझे खांदे बघत बसेन. तसं नको मला."

तेवढ्यात बडोद्याची बस लागली आणि लोकांनी एकच झुंबड केली. मी तशीच उभी. तो मात्र पळाला. खिडकीशी गेला, खिशातला रुमाल काढून आत सीटवर टाकला आणि तिथून ओरडला, "चल ने, बस! उभी जाशील नाहीतर!" सवय गं त्याची, रोज अप-डाउन करणारा माणूस. मी रडत रडत चढले. रुमाल उचलून बसले. बाजूच्या बाई विचारायला लागल्या, शुं थयुं बेटा, काय झालं, आणि बस हलली.

"तुझा रुमाल!" मी खिडकीतून हात बाहेर काढला.

तो दोन पावलं बसबरोबर चालला. घेऊ शकला असता. हात पोचत होता त्याचा.

"धुऊन आणून दे," म्हणाला. आणि थांबला तिथेच. बस वळली.

आज चौथी माळ. रुमाल धुतला, वाळला, इस्त्रीही केली. रोज सकाळी पर्समध्ये ठेवते आणि संध्याकाळी काढून पुन्हा उशीखाली. रागावून म्हणाला असेल का? की दया आली? की नुसता साधा रुमालच हवाय त्याला? तिथे जाऊन उभी राहिले आणि त्याने घेऊन खिशात घातला, बस, तर? मी कितीदा ठरवते आणि इथल्या बस डेपोच्या अलीकडूनच परत फिरते.

भक्ती, उद्या दुपारी मोकळी आहेस? करजणपर्यंत नको. नुसती डेपोपर्यंत ये. मी बसमध्ये चढेपर्यंत थांब... आणि उतरायला लागले तर उतरू देऊ नकोस.